आवाजाचा पंप

इवल्या विमानांना रंग फवारायला निवृत्त घड्याळजींनी तासभर घोळ घालून एअरब्रश निवडला. केसाएवढी बारीक रेघ मारणारा.

“आता त्याला हवा पुरवणारा पंप. हा घ्या, अजिबात आवाज नाही,” दुकानदार म्हणाला.

“द्या. जुन्याच्या घरघरीने हिचे कान किटलेत.”

“नको,” त्यांची बायको म्हणाली. “जुन्यासारखाच द्या. ब्रशवरचं बोट सुटलं की गप्प होणारा.”

घड्याळजी रंगांच्या बाटल्या बघायला पुढे गेले, तसं दुकानदाराने विचारलं, “काकू, आवाज आवडतो वाटतं?”

“छे, डोकं उठतं. पण गेल्या महिन्यात तो थांबला आणि पुन्हा सुरूच होईना, म्हणून मी हातातलं टाकून यांच्या खोलीत धावले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.”