अनुजाचा घाट

बस चालवायच्या एका गेममध्ये मंगळवार पेठेतल्या अनुजानं वर्षभर खपून करूळ घाट तयार केला आणि सगळ्यांना फुकट खेळायला दिला. गेमच्या परदेशी कंपनीनं तो 'नियमात बसत नाही' म्हणून काढून टाकला आणि पुढच्याच महिन्यात स्वतःच्या नावानं विकायला आणला. अनुजाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं लगेच भुईबावडा घाट करायला घेतला.

"ताई, त्यो बी चोरतील की!" धाकटा धैर्यशील ओरडला.

"चोरू देत की. त्यासाठीच करतोय."

कंपनीनं तोही उचलला आणि जगभर विकला.



आता त्या घाटात प्रत्येक वळणावर मराठीत पाटी दिसते : 'सावकाश जावा. घाट चोरीचा हाय. मालकीण अनुजा, मंगळवार पेठ, कोल्हापूर.'