बुर्जावरची पट्टी

मी सांभाळते त्या किल्ल्याच्या बुर्जातल्या भेगेवर आम्ही प्लास्टरची पट्टी बसवून तारीख कोरतो. भेग वाढली की पट्टी तुटते.

मार्चमध्ये ती तुटली. ईस्टरला किल्ला लोकांसाठी उघडायचा होता, म्हणून मी गुपचूप नवी बसवली आणि जुनीच तारीख कोरली.

त्यानंतर भेगेत आधी नख जाई, मग बोट. आज मूठ गेली. पट्टीला मात्र तडा नाही.

“पट्टी शाबूत आहे ना, मादाम? मग चेहरा का उतरलाय?” म्हणत गवंडी फुल्बेर शिडी चढला. “आठशे वर्षांचा म्हातारा हा. माझ्या सासूसारखा सगळ्यांना पोचवून जाईल!”

खरं सांगायला मी तोंड उघडलं.  शरमेने कान तेवढे तापले.

फुल्बेरने पट्टीवर तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला.

“मादाम,” तो हळूच म्हणाला, “ही तापतेय.”