सहावा ठोका

बुडालेल्या जहाजातून पाहुण्यांना बाहेर काढताना वाटाड्या सुरीच्या मुठीने लोखंडी भिंतीवर एक ठोका देई. मागचा प्रत्येक पाहुणा आपल्या हवेच्या टाकीवर एकेक ठोका देऊन उत्तर देई. काळोख्या पाण्यात माणसं मोजायची ही त्याची वीस वर्षांची रीत.

आज पाहुणे पाच होते. उत्तराचे ठोके सहा आले.

मागे वळून पाहायला त्याला तोंडच नव्हतं. गेल्या वर्षी एका पाहुण्याचा ठोका असाच खूप आतून आला होता, आणि वाटाड्या जिवाच्या भीतीने तसाच वर निघून आला होता. "त्याने उत्तरच दिलं नाही हो," असं त्या पाहुण्याच्या बहिणीला सांगून मोकळा झाला होता.

भाऊ गेला ती जागा पाहायला ती बहीण आज आली होती. होडीत चढल्यावर केस पिळत म्हणाली, "दादा, आम्ही पाचच ना? सहावं कोण होतं?"

"आवाज घुमतो, ताई. लोखंडच ते."

"मग दहा नको का व्हायला?" एक पाहुणा हसला. "मास्तर, गणित कच्चं तुमचं!"

सगळे हसले. वाटाड्याही हसला, पण मान वर होईना.

तेवढ्यात होडीच्या तळाला, नेमका त्याच्या पायांखाली, खालून एक ठोका पडला.

हसणं थांबलं. बहीण त्याच्याकडे पाहत राहिली.

"उत्तर द्या ना, दादा," ती हळूच म्हणाली.