उघडा पत्रा

रंगवण्यासाठी शैलाने जीपचं दार घासून पत्र्यापर्यंत उघडं केलं आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. चार महिन्यांनी तिच्या नवऱ्याने, मधुकररावांनी, दारावरचं फडकं उचललं. पत्र्यावर गंजाचे दोन हात उमटले होते. एक लहान, तिचा. शेजारी एक मोठा.

गॅरेजचा मेस्त्री प्रायमरचा डबा हलवत म्हणाला, "घामाचा हात लागला की उघडा पत्रा तिथेच गंजतो, दादा. हा मोठा माझा. वहिनी आधी रागावल्या, मग हसत हसत स्वतःचाही लावला."

दर रविवारी शैला आणि हा मेस्त्री जीप घेऊन डोंगरात चिखल तुडवायला जायची. "माझी कंबर मोडेल," म्हणून मधुकरराव घरी पेपर वाचत बसायचे. संध्याकाळी ती चिखलाने माखून परतायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू असायचं, ते त्यांच्यामुळे कधी आलं नव्हतं.

त्यांनी पॉलिश पेपर मेस्त्रीच्या हातात दिला. "तुझा तू घास."

त्याने आपल्या हाताचा ठसा घासून काढला. मग लहान हाताकडे वळला. "हाही काढावा लागेल. गंजावर रंग टिकत नाही."

"त्याला हात लावू नकोस."

मधुकररावांनी आपला घामेजलेला तळवा तिच्या हाताशेजारच्या चकचकीत पत्र्यावर ठेवला आणि बराच वेळ दाबून धरला.

"दादा, गंजेल ते."

"गंजू दे. रंगाचं पुढच्या महिन्यात बघू."