शुद्ध वाक्यांतली तक्रार

“पुन्हा लिहा,” व्हिटकॉम्बसाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून व्हर्नाकडे सरकवला.

हा तिसरा कागद. तक्रार तीच. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात तीन नंबरच्या इस्त्रीयंत्राची दांडी तुटली होती. हात रोलरजवळ गेला की आधी दांडीला लागायचा आणि यंत्र जागच्या जागी थांबायचं. आता हात गेला की गेलाच.

“साहेब, काम अडलंय ते दांडीपाशी. माझ्या इंग्रजीपाशी नाही.”

“इंग्रजी तुमची मातृभाषा आहे, व्हर्नाबाई. तिची थोडी तरी लाज राखा.”

साहेब पूर्वी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. कॉलेज सुटलं, लाल पेन सुटलं नाही. मॅनेजर होताच त्यांनी भिंतीवर नियम लावला: तक्रार पूर्ण आणि शुद्ध वाक्यांत लिहावी, अशुद्ध तक्रार परत केली जाईल. केंटकीच्या डोंगरातली ही माणसं. कागद म्हटला की ती आधीच लांब पळायची, त्यात हा नियम. तक्रारी बंद झाल्या. मग ‘वर्षभरात तक्रारी शून्य’ अशी पितळी पाटी दारावर लागली. साहेब येताजाता तिच्याकडे बघायचे.

व्हर्ना स्कॅग्ज चोपन्न वर्षांची. आठवीत शाळा सोडली, एकवीस वर्षं याच कारखान्यात गेली. पहिल्या कागदात तिचं वाक्य भूतकाळात सुरू झालं आणि वर्तमानकाळात संपलं. दुसऱ्यात यंत्र एकच होतं आणि क्रियापद अनेकांचं. चुका खऱ्या होत्या, म्हणून तर तिला जास्त झोंबलं. तिनं वाचनालयातून व्याकरणाचं पुस्तक आणलं. रविवारी चर्चमधून आली की चुलीवर घेवडा शिजत ठेवायची आणि लिहीत बसायची. शेंडी तुटो की पारंबी, या माणसाला लाल पेन टेकवायला जागा ठेवायची नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

“मावशी, कशाला डोकं फोडून घेतेस?” टॅन्सी कोम्ब्ज हसायची. बावीस वर्षांची पोर, तीन नंबरवर तीच उभी असायची. “हेडमास्तर तुला परत चौथीत बसवणार बघ!”

“बसवू दे. तू तुझी बोटं सांभाळ.”

शुक्रवारी सकाळी चौथा कागद व्हर्नाच्या ॲप्रनच्या खिशात होता. साहेब यायचे होते. तेवढ्यात टॅन्सीची किंकाळी आली. तीन बोटं गेली.

आठवड्यानं साहेबांनीच व्हर्नाला बोलावलं. या वेळी कागद त्यांचा होता, टाइप केलेला. त्यात लिहिलं होतं: टॅन्सी मस्करी करत होती, तिचं कामात लक्ष नव्हतं, दांडीविषयी कोणी कधी काही कळवलं नव्हतं. खाली व्हर्नाच्या सहीसाठी जागा. व्हर्नानं तो दोनदा वाचला, ओळीखाली बोट धरून.

“एक चूक नाही, साहेब. आणि एक वाक्य खरं नाही.”

सही न करताच ती उठली.

चौकशीला सरकारी निरीक्षक ट्रिम्बलबाई आल्या. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि कंपनीचे वकील. समोर टॅन्सी, हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. निष्काळजीपणाबद्दल कामावरून काढल्याचं पत्र तिच्या हाती पडलंच होतं. दांडीचं कंपनीला ठाऊक नव्हतं असं आज ठरलं, की पोरीच्या माथ्यावरचा तो शिक्का कायमचा.

“तक्रार आलीच नाही,” साहेब म्हणाले. “आली असती तर मी त्याच दिवशी यंत्र बंद केलं असतं.”

व्हर्नानं चौथा कागद पुढे केला. ट्रिम्बलबाईंनी वाचला. “वाक्यं स्वच्छ आहेत,” त्या म्हणाल्या.

“तारीख नाही, पोच नाही,” वकील म्हणाले. “हा कालसुद्धा लिहिता येतो.”

साहेबांना राहवलं नाही. “आणि बाईसाहेब, हे यांनी लिहिलेलंच नाही. कोणाकडून तरी लिहून घेतलंय. यांचं लिखाण मी चांगलं ओळखतो.”

टॅन्सीनं मान खाली घातली. व्हर्नाला मात्र हसू आलं. रागाचं हसू होतं ते.

“ओळखतात,” ती म्हणाली. “कसं ओळखतात तेही बघा. तो कागद माझा होता, बाजूला ठेवा. हे तीन साहेबांचे.”

चुरगळलेले तीन कागद टेबलावर आले. लाल खुणांनी भरलेले, प्रत्येकाखाली साहेबांची छोटी सही आणि तारीख. तिन्ही तारखा अपघाताच्या आधीच्या. ट्रिम्बलबाईंनी शेवटचा कागद उचलला, बराच वेळ पाहिला आणि साहेबांसमोर धरला.

“अक्षर तुमचं?”

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

“समासात काय लिहिलंय? मोठ्यानं वाचा.”

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकील खिडकीबाहेर बघत होते.

“वाचा की, साहेब,” व्हर्ना म्हणाली. “पूर्ण वाक्य आहे.”

साहेबांनी वाचलं, “‘यंत्र दुरुस्त केलं नाही तर कोणाचा तरी हात जाईल, हा अर्थ आता अगदी स्पष्ट झाला आहे.’”