प्लेगात गेलेले पणजोबा

मॉरिशसला गेलेल्या जहाजांच्या जुन्या प्रवासी-यादीत विनीताला तिचे पणजोबा सापडले. ते इंदूरच्या प्लेगात वारले असं घरात सगळे सांगत. नोंद मात्र त्याच्या पुढच्या वर्षाची होती आणि शेजारी पत्नी म्हणून दुसऱ्याच बाईचं नाव होतं.

राजेंद्र नगरला जाऊन तिने म्हाताऱ्या कमलआत्याला मोबाइल दाखवला.

"पणजी फालतूच जन्मभर विधवा राहिली, आत्या. कुठल्या हळदीकुंकवाला गेली नाही. बिचारीला पताच नव्हतं."

आत्याने चष्मा काढून ठेवला. "सांगून गेले होते ते. प्लेगचं तिनंच उठवलं."

"पण का?"



"तीन पोरी उजवायच्या होत्या. विधवेच्या पोरी लोक करून घेत, नवऱ्यानं टाकलेलीच्या नाही."