मधला सांधा

तिसऱ्यांदाही जुळलं नाही. पडद्यावर पुन्हा तोच निरोप आला: दोन फोटोंत समान भाग सापडला नाही.

लेकीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला.

"जुळलं का गं?" आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. सकाळपासून सहाव्यांदा.

"नाही."

"मधलाच सांधा ना? तोच अडतो."

ती उठली. खिडकी उघडली, वारा आला म्हणून पुन्हा लावली. चहाचं आधण ठेवलं आणि पत्ती टाकायची विसरून परत येऊन बसली. साठी उलटली तरी चैन न पडण्याची ही खोड गेली नव्हती. ही तिची आईकडची वाटणी.

आईला जाऊन महिना झाला होता. तिचा एक फोटो भिंतीवर असावा, एवढंच लेकीचं म्हणणं. पण फोटो होता कुठे? आईच्या पायाला भिंगरी. कॅमेरा दिसला की "दूध उतू जातंय" म्हणत आत पळायची, घरात थेंबभर दूध नसलं तरी. लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा तिचा फक्त पदर सापडतो, तोही दाराआड जाताना.

आणि बाबांना या दिवसांत सुचलं काय, तर खाण. दगडाच्या त्या खाणीवर ते मोजणीदार होते. वर्षातून एकदा अख्खा कडा टिपायचा, असं काम असे. एका फोटोत तो मावायचा नाही. मग तिवईवर कॅमेरा थोडा थोडा फिरवत चार फोटो काढायचे, ब्लेडने कापायचे आणि खळीने एकाला एक चिकटवून लांबलचक पट्टा करायचा. तो पट्टा कचेरीत जाई. सुट्या जादा प्रती घरी येत, पत्र्याच्या पेटीत. अशी बावीस वर्षं. गेल्या आठवड्यात बाबांनी ती पेटी तिच्यापुढे सरकवली. "तुझ्या त्या कंप्युटरवर हे आपोआप जुळतं म्हणे. जोड."

"बाबांचं पहिलं लग्न खाणीशीच झालेलं," भाऊ फोनवर म्हणाला होता. "आपली आई दुसरेपणाची."

तरी तिने आशेने पेटी उपसली होती. आई सापडलीही. पण कशी? दुसऱ्या फोटोच्या उजव्या काठाला अर्धी, तिसऱ्याच्या डाव्या काठाला अर्धी. एक कान, एक डोळा, डब्याचा अर्धा गोल; नाकाची चिंचोळी पट्टी तेवढी दोन्हींत. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दगडाची कपची न् कपची साबूत आणि बायको तेवढी काठावर चिरलेली. लेकीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पहिल्या वर्षाचे चार फोटो तिने कंप्युटरवर घेतले आणि त्या दोन कडा छाटून टाकल्या. अर्धी बाई बरी दिसत नाही, असं स्वतःला सांगितलं.

पहिले दोन फोटो झटक्यात जुळले होते, कारण कचेरीची शेड दोन्हींत होती. शेवटचे दोन क्रेनमुळे जुळले. मध्ये नुसता काळा दगड.

काठी टेकत बाबा बाहेर आले. वाकून पडद्याकडे बघत राहिले.

"कडा छाटल्यास?"

"अर्धी आई होती त्यांत. तुम्हीच तशी काढलीत."

"अगं, सांध्याची खूण तिथंच असते. दगड काय, सगळा सारखाच. खूण कापलीस तर जुळणार कशानं?"

"म्हणजे आईला खूण म्हणून उभं करायचात? खांबासारखं?"

लेकीने छाटलेले फोटो पुसले, मूळचे अख्खे घेतले आणि बटण दाबलं. निळी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागली. उठून तिने खुर्ची बाबांकडे सरकवली, तरी ते बसले नाहीत.

खाणीचा कडा एकसंध झाला. आणि त्याच्या ऐन मध्यावर आई उभी होती. अख्खी. पंचविशीतली, हातात बाबांचा डबा, नजर सरळ कॅमेऱ्यात. दोन अर्धुकं अशी बसली होती की मध्ये केस शिरला नसता. लेकीने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. रीळ पुढे घ्यायचं, कॅमेरा फिरवायचा, तो समतल आहे का ते पाणसळीत बघायचं. एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत दोन-तीन मिनिटं तरी जाणार. तेवढा वेळ आई जागची हलली नव्हती.

मग तिला आईच्या पायाशी ते पिंप दिसलं. पांढरा चुना लावलेलं, त्यावर लाल पट्टा. आईच्या अर्ध्या तोंडावर चिडताना त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. तेही आता अख्खं झालं होतं.

"बाबा, हे पिंप कसलं?"

"खुणेचं. कंपनीचं."

"खूण होती ना मग? तिला कशाला उन्हात उभं केलंत? बावीस वर्षं?"

बाबांनी काठी टेबलाला टेकवली. बोट पडद्यावर, आईच्या डब्याशी नेलं.

"फोटो काढतो म्हटलं की पळायची," ते म्हणाले. "कामाला उभी राहा म्हटलं, की हलायची नाही."